सांगता झाली, आता त्या मुलींकडे परत कोण जाणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या पंधरवड्यात आपल्या सोलापूरच्या पानावर किशोरवयीन मुलींसाठी चाललेल्या एका शालेय उपक्रमाच्या सांगता समारंभाची बातमी फोटोसह आली होती. व्यासपीठावर पाहुणे, समोर सतरंजीवर आठवी-नववीच्या मुली, आणि मथळ्यात 'मुलींच्या प्रगतीत लक्षणीय वाढ'. बातमी चांगल्या मनानं दिली होती, यात मला शंका नाही. पण मी ती तीनदा वाचली, आणि त्यानंतर दोन रात्री मला नीट झोप लागली नाही. पत्र लांबलं आहे. एका दिवसात मावत नसेल तर दोन भागांत छापा, पण कृपया मधलं कापू नका.

मी 34 वर्षं हेच काम केलं. अकरा-बारा ते अठरा वयाची मुलं शाळेत काय शिकतात, कुठे अडतात, त्यांच्यासाठी निघालेल्या उपक्रमांचा त्यांना खरंच उपयोग होतो का, हे तपासायचं काम. वडील गिरणीत साचे खात्यात होते. घरात भोंग्याच्या वेळेवर चूल पेटायची. एम.ए. समाजशास्त्रात केलं. तेव्हा सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ नव्हतं, ते 2004 साली झालं. आमच्या पदवीवर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा शिक्का. 1987 मध्ये दिवसाच्या भत्त्यावर घरोघरी फॉर्म भरून आणणारी म्हणून मी या कामाला लागले आणि 2021 मध्ये एका संशोधन संस्थेतून निवृत्त झाले. मधे पीएच.डी. झाली, अहवाल झाले, परिषदा झाल्या. त्याबद्दल इथे लिहिण्यासारखं फार नाही. लिहायचं आहे ते दुसऱ्यांदा ठोठावलेल्या दारांबद्दल.

पहिल्या पाहणीत आमच्या फॉर्मवर एक रकाना होता, 'शाळा सोडण्याचे कारण'. त्याखाली ठरलेले पर्याय: आर्थिक अडचण, घरकाम, शाळा लांब, अभ्यासात रस नाही, इतर. सर्वाधिक खुणा पडल्या 'अभ्यासात रस नाही' वर. देशभरच्या मोठ्या पाहण्यांतही हा पर्याय असतो. दार उघडणारी बाई घाईत असते, दारात उभी असलेली मुलगी अनोळखी असते, आणि 'हिला रस नाही बगा' हे उत्तर दोघींनाही सोयीचं असतं. पुढे वेगळ्या निमित्तानं त्यातल्याच काही घरी मी परत गेले, तेव्हा चहा मिळाला. चहाबरोबर कळलं की एकीची पाळी सुरू झाली होती आणि शाळेच्या संडासाला कडी नव्हती. दुसरीला सातवीनंतर मोठा रस्ता ओलांडून जावं लागणार होतं आणि सोबतीला कोणी नव्हतं. तिसरीची आई बाळंत होती. फॉर्मवर तिघींनाही अभ्यासात रस नव्हता, आणि ती खूण माझ्या हातची होती.

आपलं शहर माहीत असलेल्यांना पुढची गोष्ट सांगायलाच नको, पण पुण्या-दिल्लीत बसून उपक्रम आखणाऱ्यांना ती अजून सांगावी लागते. पूर्व भागातल्या एका शाळेत सुटल्यावर तासभर मुलींचा जादा वर्ग चालायचा, गणित आणि वाचनाचा. हजेरीपट बघितला तर तीन दिवस वर्ग भरलेला, मग एक दिवस अर्धा रिकामा, पुन्हा तीन-चार दिवस भरलेला, पुन्हा रिकामा. वरून आलेल्या टिपणात याला 'प्रेरणेचा अभाव' म्हटलं होतं आणि मुलींना प्रोत्साहन म्हणून वह्या वाटाव्यात असं सुचवलं होतं. शाळेच्या शिपाई मावशी झाडू मारता मारता म्हणाल्या, "ताई, आज पाण्याचा दिवस हाय की. पोरी कुठनं येतील?" उजनी धरण भरलेलं असो नसो, आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरातली मोठी मुलगी घागरी, बादल्या, पिंप भरायला नळाशी असते. मावशींचं ऐकून आम्ही वर्गाचे दिवस पाण्याच्या पाळीप्रमाणे बदलले. वह्या न वाटता हजेरी सुधारली. तसंच संक्रांतीचं. एकदा शेवटची चाचणी जानेवारीच्या मध्यावर ठेवली होती. सातही नंदीध्वज निघालेले, गड्ड्यावर, म्हणजे यात्रेच्या मैदानावर, पाळणे लागलेले, अख्खं शहर सिद्धेश्वराच्या यात्रेत, आणि आम्ही बंद दारांपुढे प्रश्नपत्रिका घेऊन उभे.

आता त्या चाचण्यांविषयीच. 'असर' या पाहणीचं नाव आपल्या वाचकांना ठाऊक असेल. 2005 पासून 'प्रथम' संस्थेच्या पुढाकारानं गावोगावचे स्वयंसेवक घरी जाऊन मुलांना वाचायला देतात: आधी अक्षरं, मग शब्द, मग पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट. गणितात शेवटची पायरी म्हणजे तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागणं. 2023 मध्ये त्यांनी खास 14 ते 18 वयोगट घेतला, 26 राज्यांतले 28 जिल्हे, 34,745 मुलंमुली. त्यातली 86.8 टक्के कुठल्या ना कुठल्या शाळा-कॉलेजात नाव असलेली. तरी जवळजवळ चौथ्या हिश्शाला दुसरीचा मजकूर आपल्या प्रादेशिक भाषेत सफाईनं वाचता आला नाही, आणि भागाकार जमला तो फक्त 43.3 टक्क्यांना. हे काम करणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे, कारण त्यांच्यामुळे 'नाव आहे म्हणजे शिकतंय' हा समज मोडला. पण 'असर' ग्रामीण भागापुरती आहे. दत्तनगर, अशोक चौक किंवा नई जिंदगीतल्या गल्लीत ती येत नाही. इथलं आपण मोजायचं, तर इथल्या मुलींचं गणित कुठे असतं हे ठाऊक असायला हवं.

ते मला एका विडी कामगाराच्या घरात कळलं. दुपारची वेळ, पत्र्याचं घर, दारातल्या उजेडाला माय-लेकी बसलेल्या. मुलगी तेरा वर्षांची, आठवीत. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं. पान फर्म्याच्या मापानं कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. एकेका विडीला काही सेकंदच. मी तिच्यापुढे भागाकाराचा कागद ठेवला. तिनं हात पुसले, पेन्सिल घेतली, भागाकाराचं चिन्ह काढलं आणि थांबली. बऱ्याच वेळानं कागद परत केला. मी फॉर्मवर 'भागाकार येत नाही' असं लिहिलं. तेवढ्यात आईनं विचारलं, "सातशे झाल्या का गं?" मुलगी मान वर न करता म्हणाली, "झाल्या. अठ्ठावीस कट्टे. हजाराला बारा कमी." पंचवीस विड्यांचा एक कट्टा. सातशेला पंचवीसनं भागून, हजाराचे चाळीस कट्टे धरून, त्यातून अठ्ठावीस वजा करून तिनं उत्तर दिलं होतं, हातातला दोरा न सोडता.

मी फॉर्मकडे बघितलं. खोडावं का? तो रकाना कागदावरच्या भागाकाराचा होता आणि तो तिला खरोखर आला नव्हता. दहावीच्या परीक्षेतही तो कागदावरच येणार होता. पण मधला पूल बांधायचं काम कोणाचं, हे विचारायला फॉर्मवर जागाच नव्हती. पुढे 2025 च्या फेब्रुवारीत 'नेचर' या नियतकालिकात कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवरचा अभ्यास आला. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की बाजारातली मुलं अवघड हिशेब तोंडी करतात, पण तेच गणित पाठ्यपुस्तकासारखं मांडलं की अडतात. आणि शाळेत गणितं सोडवणारी मुलं बाजारातल्या साध्या हिशेबाला अडतात. तो अभ्यास वाचताना मला तो उजेड आणि ते सूप दिसत होतं. तेव्हा मी निवृत्त झाले होते, फॉर्म दुरुस्त करायची वेळ निघून गेली होती.

भाषेचंही तसंच. आपल्या शहरात महापालिकेच्या शाळा मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा माध्यमांच्या आहेत. चौथीपर्यंत तेलुगूत शिकलेली आणि मग मराठी शाळेत आलेली एक मुलगी माझ्यापुढे मराठी परिच्छेद अडखळत वाचत होती. 'शब्द पातळी' म्हणून नोंद झाली. दुसऱ्या खेपेला माझी तेलुगू जाणणारी सहकारी बरोबर होती. तिनं तेलुगूतली गोष्ट पुढे केली. मुलीनं ती घडाघडा वाचली आणि नंतर आमच्यासाठी मराठीत सांगितली, हातवारे करून. पहिल्या खेपेवरच थांबलो असतो, तर ही मुलगी आमच्या तक्त्यात निरक्षरांच्या शेजारी बसली असती.

आता माझी चूक. ती मी आजवर लेखी कुठे मांडली नव्हती.

2003 ते 2005 या काळात आम्ही आठवी-नववीच्या मुलींसाठीच्या एका वर्गाचं मूल्यमापन केलं. सुरुवातीला चाचणी, मधे चाचणी, शेवटी चाचणी. शेवटची चाचणी मार्चमध्ये, वर्ग चालू असतानाच. गुण वाढलेले आले. मी अहवाल लिहिला, त्यात 'लक्षणीय वाढ' हेच शब्द होते. म्हणूनच आपला मथळा मला इतका लागला. त्या अहवालात दोन गोष्टी झाकल्या गेल्या होत्या, आणि कोणी मुद्दाम झाकल्या नव्हत्या. शेवटच्या चाचणीला ज्या मुली हजर नव्हत्या त्या हिशेबातूनच बाहेर पडल्या होत्या. त्यांत शाळा सोडलेल्या होत्या, लग्न ठरलेल्या होत्या, ज्यांचं अभ्यासात सर्वांत अडत होतं त्याच बहुतेक. गळालेल्या मुली सरासरीतूनही गळतात आणि सरासरी आपोआप वर जाते. वर्ग काहीच न शिकवता नुसता चालला असता, तरी आकडा थोडा वर गेलाच असता. आणि दुसरं म्हणजे जूनमध्ये काय झालं, हे बघायला कोणी गेलंच नाही. निधी मार्चला संपला होता.

2009 साली मी रजा टाकून, माझ्या पैशानं, जुनी यादी घेऊन निघाले. निम्म्या दारांवर कुलूप नाहीतर नवं बिऱ्हाड. शेजारी सांगायचे, "ते घरकुलाला गेले." विडी कामगार बायकांनी वर्षानुवर्षं लढून मिळवलेली कुंभारीची दहा हजार घरं 2006 मध्ये झाली आणि आमच्या यादीतल्या किती तरी मुली तिकडे गेल्या. हक्काचं घर मिळालं ही मोठी गोष्ट, तिचं मोल मी कमी लेखणार नाही. पण वस्ती हलते तेव्हा नववीतली मुलगी शाळेतून सर्वांत आधी सुटते, हे मी पुन्हा पुन्हा बघितलं आहे. लहान भावंडांची नावं नव्या शाळेत घातली जातात, हिचं 'बघू पुढच्या वर्षी' होतं. शिक्षण हक्काचा कायदा 2010 पासून लागू झाला, पण तोही चौदाव्या वर्षी थांबतो.

सिटी बसनं अक्कलकोट रस्त्यानं कुंभारीला गेले. एकसारख्या घरांच्या रांगा, विचारत विचारत एका घरापाशी आले. दार उघडलं ती आमच्या यादीतली मुलगी, कडेवर वर्षाचं मूल. सोळाव्या वर्षी लग्न झालं होतं, बाळाला घेऊन माहेरी आलेली. तिनं मला ओळखलं. "अक्का, या की," म्हणाली. आमच्या अहवालात ती 'प्रगती झालेल्या' गटात होती, कारण मार्चच्या चाचणीत तिचे गुण चांगले वाढले होते. त्याच जूनमध्ये तिची शाळा सुटली होती.

पाणी दिलं, बाळाला खाली ठेवलं आणि तिनं विचारलं, "अक्का, माझा पेपर तपासला होता का? किती पडले?"

मला आधी कळेना कुठला पेपर. ती म्हणाली, तो एसटीच्या वेळापत्रकाचा. गाडी पंढरपूरला किती वाजता पोचेल ते काढायचं होतं. तिनं काढलेलं उत्तर तिला चार वर्षं लक्षात होतं आणि ते बरोबर होतं की चूक, हे तिला जाणून घ्यायचं होतं. तीन वेळा आम्ही तिची परीक्षा घेतली. तीनदा ती तास तास बसली, विड्या सोडून, आईची बोलणी खाऊन. एकदाही आम्ही तिला गुण सांगितले नाहीत. आमच्या नियमात ते नव्हतं. पेपर पुण्याला गेले, तिथे तिचं नाव जाऊन सांकेतिक क्रमांक आला, क्रमांकाचे आकडे झाले, आकड्यांची सरासरी झाली, आणि पेपर रद्दीत गेले. तिच्यापुढे बसून मला तिचं उत्तर बरोबर होतं का हे सांगता येईना. मी तिला ते गणित पुन्हा घालायला सांगितलं. तिनं वहीच्या मागच्या पानावर केलं. बरोबर आलं. मग ती हसली आणि स्वैपाकघरात गेली. परतताना बसमध्ये मी माझ्या अहवालाचं काय करायचं याचा विचार करत होते. संस्थेला पत्र लिहिलं, पुन्हा पाहणीसाठी पैसे मागितले. उत्तर आलं की प्रकल्प बंद झाला आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी 21.9 टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. आपला सोलापूर जिल्हा या सरासरीच्या बराच वर आहे. म्हणजे ज्या मुलींच्या मार्चच्या गुणांवर आपण टाळ्या वाजवतो, त्यांची खरी परीक्षा पुढच्या दोन-तीन लग्नसराईंत असते.

परत जाऊन बघणं अशक्य आहे, असं मला अनेकदा सांगण्यात आलं. ते खरं नाही. आपल्या पूर्व भागातल्या घरांचे पाहुणे जिथून येतात त्या तेलंगणात आणि आंध्रात 'यंग लाइव्ज' हा अभ्यास 2002 पासून त्याच त्या मुलांकडे पुन्हा पुन्हा जातो आहे. चार देशांत मिळून 12,000 मुलं, त्यातली 3,000 तिथली. तेव्हा मांडीवर असलेली मुलं आज विशीत आहेत, आणि त्यांची शाळा, काम, लग्न, सगळ्याचा माग ठेवलेला आहे. आपल्याच मराठवाड्यात पाचोडला मुलींसाठी रोज तासाभराचा जीवनकौशल्यांचा वर्ग वर्षभर चालवला, आणि तिथल्या संशोधकांनी गुणांवर न थांबता मुलींची लग्नं कोणत्या वयात होतात हे बघितलं. ते वय वर सरकलं होतं. शिक्षणतज्ज्ञ चित्रा नाईक यांनी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत रात्रीचे अनौपचारिक वर्ग चालवले, कारण दिवसा मुली गुरांमागे आणि शेतात असतात, हे त्यांनी आधी गावात जाऊन समजून घेतलं होतं. हे आपल्या मातीतलंच काम आहे.

आपल्या जिल्ह्यानं शिक्षणात नाव काढलं नाही असंही नाही. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना 2020 मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, आणि त्यांनी बक्षिसाची अर्धी रक्कम इतर अंतिम स्पर्धकांत वाटली. त्या दिवशी मी पेढे वाटले होते. पण ती प्राथमिक शाळा. केंद्राचं वाचन-गणिताचं 'निपुण भारत' अभियान तिसरीपर्यंतच्या मुलांसाठी. आठवी ते दहावीच्या मुलांना वाचता येतं का, याची जबाबदारी नेमकी कोणाची, याचं उत्तर मला चौतीस वर्षांत कोणत्याही कार्यालयात मिळालं नाही.

म्हणून माझी आपल्याकडे विनंती आहे. पुढच्या वेळी असा समारंभ झाला की आपल्या वार्ताहरानं आयोजकांना विचारावं: सुरुवातीला किती मुली होत्या आणि शेवटच्या चाचणीला किती होत्या? मधल्या गेल्या कुठे? मुलींना त्यांचे गुण सांगितले का, त्यांना कळेल त्या भाषेत? आणि पुढच्या वर्षी जूनमध्ये कोण जाणार आहे? उत्तरं बातमीत छापावीत, ती काहीही असोत. ज्यांच्या हाती निधी आहे त्यांनी उपक्रमाच्या खर्चातला एक हिस्सा पहिल्या दिवशीच बाजूला काढून ठेवावा, दोन वर्षांनी आणि पाच वर्षांनी त्याच मुलांकडे परत जाण्यासाठी.

अहिल्यादेवी होळकर विद्यापीठाच्या सामाजिक शास्त्रे संकुलाला माझं वेगळं सांगणं आहे. एम.ए.ची मुलं दरवर्षी प्रकल्प करतात. नवनवे विषय शोधण्याऐवजी एका वर्षीच्या तुकडीनं शहरातल्या तीन-चार शाळांतली आठवीची मुलं घ्यावीत, आईवडिलांची आणि मुलांची संमती घेऊन, नावं गुप्त ठेवून. पुढच्या तुकडीनं तीच यादी घेऊन त्याच घरी जावं, त्याच्या पुढच्यांनीही. दहा वर्षांत सोलापूरकडे असा अभ्यास असेल, जो महाराष्ट्रातल्या फार थोड्या शहरांकडे आहे. खर्च सिटी बसच्या तिकिटाचा आणि झेरॉक्सचा. जानेवारी 2024 मध्ये कुंभारीतल्याच रे नगर या कामगार वसाहतीची पंधरा हजार घरं दिली गेली. तिथे राहायला गेलेल्या आठवी-नववीच्या मुली आज कोणत्या वर्गात आहेत, हे पहिलं काम म्हणून घ्यावं. उशीर आधीच झाला आहे.

यात माझा उपयोग होत असेल तर मी हजर आहे. घरात शिरताना आधी कोणाशी बोलायचं, बाई काम करत असताना तिचे हात न थांबवता कसं विचारायचं, पाण्याचा दिवस कसा टाळायचा, कोऱ्या राहिलेल्या रकान्याच्या शेजारी समासात काय लिहून ठेवायचं, हे पुस्तकात नसतं आणि मला ते शिकवता येईल. मानधन नको. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे. सकाळी अकरा ते एक मी घरीच असते.

आपली,
एक निवृत्त संशोधिका, सोलापूर